बोलणारं अस्वल घरात येतं तेव्हा: ‘पॅडिंग्टन’विषयी बोलू या

विश्रामबागकर

बोलणारा प्राणी माणसांच्या घरात राहायला येतो, असे चित्रपट आपण ‘पोरांचं काहीतरी’ म्हणून लावून देतो आणि स्वतः आत जाऊन मोबाइल बघत बसतो. मला हे मनापासून खटकतं. ‘पॅडिंग्टन’ (२०१४, दिग्दर्शक पॉल किंग) हा त्यातला माझा सगळ्यात आवडता. परवा आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये पडदा बांधून सगळ्या मुलांना दाखवला. चित्रपट इंग्रजी, म्हणून मधे मधे थांबवून मराठीत सांगत गेलो. कुणाचं काही अडलं नाही.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पेरूच्या जंगलात भूकंप होतो, घर मोडतं, काका जातो. म्हातारी काकू अस्वलाच्या पोराला लंडनच्या बोटीत चढवून देते आणि गळ्यात चिठ्ठी अडकवते: या अस्वलाला कृपया सांभाळा. पॅडिंग्टन स्टेशनवर ते पोर एकटं उभं. ब्राउन कुटुंब तिथून चाललेलं असतं. वडील बायकोमुलांना सांगतात, खाली बघून चला, अस्वल आहे, काहीतरी विकत असेल.

एसटी स्टँडवर आपण हेच करतो की नाही?

धागा काढायचं कारण हे वडीलच आहेत. धोक्याचं गणित मांडणं ही मिस्टर ब्राउन यांची नोकरी. घरातल्या अपघातांची टक्केवारी ते तोंडपाठ सांगतात. अस्वल एका रात्रीपुरतं घरी आलं तर त्यांचा पहिला फोन विम्यासाठी जातो. मुलं यावर पोट धरून हसली. पण पुढे एक एवढंसं दृश्य आहे. हा माणूस तरुणपणी बायकोला मागे बसवून मोटारसायकलवरून दवाखान्यात येतो आणि बाळंतपणानंतर तिथूनच मळकट रंगाच्या, अगदी सुरक्षित अशा मोटारीतून बाळाला जपत घरी नेतो. बाप झाल्या क्षणी तो भित्रा झाला. ‘घरात कुत्रंमांजर काही आणायचं नाही’ म्हणणारे जे बाप आपण पाहिले, त्यातल्या कितीजणांच्या मनात खरं तर हेच असेल! पुढे तोच माणूस अस्वलासाठी म्युझियमच्या भिंतीवरच्या अरुंद कठड्यावरून चालत जातो. अस्वल बोलतं हे पाच मिनिटांत अंगवळणी पडतं. घरानं जागा कशी केली, ते मात्र शेवटपर्यंत बघत राहावंसं वाटतं.

तुमचं मत सांगा. सांगली-साताऱ्याकडच्यांनी तर नक्कीच लिहा.

कृष्णाकाठ

धाग्याबद्दल आभार, दादा. मी हा चित्रपट माझ्या दोन भाच्यांबरोबर पाहिला. न्हाणीघराचं दृश्य आठवतंय ना? नळ उपटला जातो, पाणी दारात तुंबतं आणि दार उघडताच जिन्यावरून लोंढा खाली येतो, त्यावर टबात बसलेलं अस्वल. भाचे हसून हसून लोळले. आम्ही सांगलीच्या गावभागातले, नदीकाठचे. माझी आई शेजारी बसली होती, ती एकदम गप्प झाली आणि म्हणाली, “लाकडी जिना फुगतो गं पाण्यानं.”

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७.५ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. आम्ही माडीवरून गच्चीवर गेलो. शेजारच्यांची शेळी वर आणलेली होती, आणि त्यांच्या मागोमाग गल्लीतलं एक कुत्रं वर आलं. माझी आजी कडक सोवळ्याची. कुत्र्याची सावली उंबऱ्यात पडली तरी पाणी शिंपडायची. तिनं तिच्या वाटणीची दशमी मोडली आणि अर्धी त्याच्यापुढे ठेवली. कुणी काही बोललं नाही, तिनंही काही सांगितलं नाही. पाणी ओसरलं, सगळे खाली उतरले, चिखल काढायला लागले. ते कुत्रं उतरलं आणि आमच्या दारातच बसलं. आजी गेली, पण त्याचा दुधाचा वाडगा अजून तिच्या खोलीच्या दाराशीच ठेवतो आम्ही.

म्हणून तुमचा मुद्दा मला अगदी पटतो. प्राणी काय बोलतो यापेक्षा घरातलं सगळ्यात कडक माणूस कधी हलतं, ते बघायचं.

अजिंक्यतारा

चित्रपट मलाही आवडतो, पण एक गोष्ट पहिल्यापासून टोचते, ती मांडतो.

या अस्वलाला घर मिळतं ते का? ते टोपी काढून नमस्कार करतं, सभ्य इंग्रजी बोलतं, ‘माफ करा’ म्हणतं. थोडक्यात, यजमानाला आवडेल असं वागतं. मग जो पाहुणा असा गोड बोलत नाही, ज्याला आपली भाषाच येत नाही, ज्याचा वास येतो, जो घाबरून चावतो, त्याला जागा नाही का? प्राण्याच्या तोंडी माणसाची भाषा घातली की प्रेक्षकाचं काम सोपं होतं. खरा प्राणी गप्प असतो, आणि त्याचं काय चाललंय ते ओळखायला कष्ट पडतात. मुलांना ते कष्ट कोण शिकवणार?

आमच्या साताऱ्यात कास रस्त्याला दर पावसाळ्यात टाकलेली कुत्र्याची पिल्लं दिसतात. चांगल्या जातीची, पट्टा काढून सोडलेली. ती कुणीतरी हौसेनं आणलेली असतात. बोलत नाहीत, घाण करतात, केस गळतात, हे घरी आणल्यावर कळतं.

विश्रामबागकर

अजिंक्यतारा, मुद्दा वजनदार आहे. पण अस्वल फक्त गोड वागतं असं नाही. ते दातांचा ब्रश कानात घालतं, घर बुडवतं, स्वयंपाकघर पेटतं तेव्हा दोष त्याच्यावर येतो. ते खरं सांगतं आणि घरातलं कुणी विश्वास ठेवत नाही. भाषा येऊनही त्याचं ऐकलं जात नाही, आणि ते चिठ्ठी लिहून रात्री घर सोडतं. त्या वेळी जिन्याच्या भिंतीवर रंगवलेल्या झाडाचा मोहर गळून पडतो. आमच्या पार्किंगमध्ये एकही मूल तेव्हा हललं नाही.

पडद्यामागे

मी चित्रपटांच्या तांत्रिक बाजूत काम करतो, मूळचा मिरजेचा. तुमची चर्चा वाचून राहवलं नाही.

हे अस्वल चित्रीकरणाच्या वेळी तिथे नव्हतंच. ते लंडनच्या फ्रेमस्टोअर कंपनीनं संगणकावर केस न् केस उभं केलं. नटांनी रिकाम्या जागेकडे बघून प्रेम करायचं, राग करायचा. सॅली हॉकिन्सनं केलेली आई बघा. तिची नजर नेमकी अस्वलाच्या डोळ्यांच्या उंचीला थांबते. ती एक इंच वर गेली असती तरी सगळं खोटं पडलं असतं.

आवाजाची गोष्ट तर प्रत्येकाला माहीत असावी. आधी कॉलिन फर्थ आवाज देणार होता. तो मुरलेला, भारदस्त आवाज त्या कोवळ्या अस्वलाला बसेना. २०१४ मध्ये, प्रदर्शनाला काही महिने उरले असताना तो बाजूला झाला आणि बेन व्हिशॉ आला. त्याच्या आवाजात थोडी भीती आहे, थोडं कुतूहल आहे, आणि उपकाराची मागणी कुठेच नाही. अस्वल जिवंत झालं ते तिथे.

याआधीचे दोन चित्रपट जरूर बघा. ‘बेब’ (१९९५) मध्ये डुकराचं पिल्लू शेतावरच्या घरात येतं. तिथे खरी पिल्लं होती आणि जोडीला यांत्रिक बाहुल्या. पिल्लं भराभर वाढतात, एकच पिल्लू सगळ्या चित्रीकरणाला पुरत नाही, म्हणून ४८ पिल्लं आलटून पालटून वापरली. दृश्य परिणामांचं ऑस्कर त्याला मिळालं, तेही ‘अपोलो १३’ समोर असताना. ‘स्टुअर्ट लिटल’ (१९९९) मध्ये न्यूयॉर्कचं कुटुंब अनाथालयातून उंदीर दत्तक आणतं. तो पूर्ण संगणकाचा.

आणि सांगलीकरांनो, हे सगळं आपल्याला परकं नाही. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं हे आपण शाळेत शिकलो, पण त्यांनी लाकडी कळसूत्री बाहुल्याही घडवल्या होत्या. त्या बाहुल्यांना रामदास पाध्ये यांनी पुन्हा नाचतं केलं. पापडाच्या जाहिरातीतला तो हसरा ससा त्यांचाच. आपल्या पिढीनं घरात आलेला पहिला बोलणारा प्राणी पाहिला तो हा. आवाज आणि ओठ जुळले की मूल विश्वास ठेवतं, मग लाकूड असो, कापूस असो की संगणक.

माणदेशी

मी आटपाडीकडचा. ह्यो चित्रपट पोरीनं दाखीवला. बरा हाय, लय बरा हाय. पन अजिंक्यतारा म्हंत्यात त्येच्यावर बोलायचंय.

आमच्यात जनावर बोलत न्हाय असं कुनी म्हनत न्हाय. म्हस येगळी हंबरती भुकंला, येगळी पान्याला, आन रेडकू दिसंना झालं की येगळी. माझ्या आईला चुलीपाशी बसून समजायचं, दावणीला काय झालंय ते. दुस्काळात चारा छावनी हुती तवाची गोष्ट. घर बंद करून आमी जनावरांसंगट छावनीत ऱ्हायलो. वर शेडनेट, खाली बाज, बाजंला लागून खिलार खोंड. मानसांच्या घरात जनावर आलं असं तुमी म्हनताय, तकडं आमीच जनावराच्या घरात ऱ्हायलो म्हना की. पोरं तितंच अभ्यास करायची. रात्री खोंड उठून बसला की पोरगी झोपंतच त्येच्या पाठीवर हात ठिवायची, मग त्यो गप बसायचा.

बेंदराला त्येला आंगूळ, शिंगास्नी हिंगूळ, पुरनपोळीचा घास. त्यो काय ‘थँक्यू’ म्हनत न्हाय. म्हनून घास देयाचं कुनी थांबलं न्हाय.

अजिंक्यतारा

माणदेशी दादा, हेच मला म्हणायचं होतं आणि मला ते इतकं नीट मांडता आलं नसतं. पोरीनं झोपेत हात ठेवला, हे दृश्य कुणीतरी चित्रपटात घ्यायला हवं.

शाळेतली बाई

मी वाळवा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. हा चित्रपट मी गेल्या हंगामात वर्गात दाखवला, आणि त्यामागे कारण होतं.

गळीत हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कारखान्याजवळ त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात आणि आमच्या पटावर पाच-दहा मुलं वाढतात. आईबाप पहाटे थंडीत फडात, मोठी मुलगी धाकट्याला काखेत घेऊन शाळेच्या दाराशी. आमची गावची मुलं वाईट नाहीत, पण ती सरकून बसत नाहीत. डबा खाताना गोल करतात, त्या गोलात जागा होत नाही. मी सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. सांगितलं की तेवढ्यापुरतं ऐकतात.

चित्रपटात अस्वलाची काकू सांगते की पूर्वी एका युद्धात हजारो मुलं घरापासून दूर पाठवली होती, गळ्यात चिठ्ठ्या अडकवून ती स्टेशनवर उभी असायची आणि अनोळखी घरं त्यांना सामावून घ्यायची. हे खरं घडलेलं आहे. १९३९ मध्ये बॉम्बहल्ल्याच्या भीतीनं इंग्लंडमधल्या शहरांतून मुलं गावोगाव पाठवली. मूळ पुस्तकाचे लेखक मायकेल बॉण्ड यांनी ती मुलं लहानपणी पाहिली होती, आणि १९५८ मध्ये पुस्तक आलं तेव्हा तीच चिठ्ठी अस्वलाच्या गळ्यात गेली. मी तिथे चित्रपट थांबवला आणि मुलांना हे सांगितलं.

टोळीतली चौथीतली एक मुलगी उठली. तिनं विचारलं, “बाई, त्याच्या काकूला लिव्हता येत व्हतं?” मी म्हटलं, हो. ती म्हणाली, “मग बरं हाय.” आणि खाली बसली. तिच्या आईला सही येत नाही, हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या वर्गाला पुठ्ठ्याचे तुकडे आणि सुतळी दिली. नवीन गावी गेलात तर तुमच्या गळ्यात काय लिहिलेलं असावं, ते लिहा. गावच्या मुलांनी ‘मला क्रिकेट आवडते’, ‘मला रात्री लाइट लागते’ असं लिहिलं. त्या मुलीनं लिहिलं: “हिला गणित येतं. हिला पुढं बसवा.” मी काहीच बोलले नाही. पहिल्या बाकावरच्या मुलीनं दप्तर उचलून मांडीवर घेतलं आणि सरकली.

स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं. त्यांच्या मूळ गावच्या शाळेनं ते दिलं की इथली शाळा मूल वर्गात बसवून घेते. म्हणजे गळ्यातली चिठ्ठी आपल्याकडेही आहे. पण कितीतरी मुलं ती न घेता येतात, कारण मुकादम म्हणतो त्या रात्री ट्रक सुटतो आणि शाळा तेव्हा बंद असते. ज्यांच्या गावाजवळ कोप्या पडतात त्यांनी एवढं करा. शाळेच्या वयाचं मूल दिसलं तर जवळच्या शाळेत कळवा. कार्ड नसलं तरी आम्ही दाखल करून घेतो, कागद मागून येतात.

कृष्णाकाठ

बाई, तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पुठ्ठा जपून ठेवायला सांग त्यांना.

वनवाटा

अस्वल आणि माणसाचं घर म्हटलं की मला वेगळंच चित्र दिसतं, आणि पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांना ते दिसत असेल. आमच्या लहानपणी कराडात दरवेशी अस्वल घेऊन दारोदार यायचा. नाकातून दोरी ओवलेली. ती ओढली की अस्वल दोन पायांवर उभं राहायचं, आम्ही टाळ्या वाजवायचो. आया त्याचे केस मागून घ्यायच्या, ताईतात घालायला. बाळाला भीती वाटू नये म्हणून! नाक मऊ असतं, दुखतं म्हणून ते उभं राहतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

ते आपलं देशी अस्वल, वारुळं फोडून वाळवी खाणारं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण मिळालं. पुढे १९९८ च्या अधिसूचनेनं अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ करण्यावर बंदी आली. दरवेशांच्या कुटुंबांना दुसऱ्या कामाला लावून अस्वलं सोडवण्याचं काम पुढे बरीच वर्षं चाललं. पॅडिंग्टन ज्या जातीचा आहे ते डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं असलेलं अस्वल. दक्षिण अमेरिकेत अस्वलाची तेवढी एकच जात आहे आणि तीही जंगल तुटल्यानं अडचणीत आहे.

म्हणून मला या चित्रपटातला खलनायक फार नेमका वाटतो. निकोल किडमनची बाई प्राण्यांमध्ये पेंढा भरून काचेआड उभी करते. अस्वल बोलतं, हसतं, हे तिला दिसतं आणि तरीही तिला ते भुशाचंच हवं असतं. आम्हाला ते नाचतं हवं होतं. मुलांना चित्रपट दाखवल्यावर ही दोरीची गोष्ट जरूर सांगा. माझ्या नातवाला सांगितली तर त्यानं विचारलं, “त्याचं नाव काय होतं?” दरवेशी त्याला काहीतरी नावानं हाक मारायचा, पण आम्ही कुणीच ते विचारलं नव्हतं.

एक विनंती. असे चित्रपट पाहिल्यावर मुलं ‘बोलणारा पोपट आणा’ म्हणून मागे लागतात. आपले देशी पोपट पिंजऱ्यात पाळणं त्याच १९७२ च्या कायद्यानं गुन्हा आहे, बाजारात उघड मिळाले तरीही. विकायला येणारी पिल्लं ढोलीतून काढलेली असतात आणि त्यातली बरीच वाटेतच मरतात. घरात प्राणी हवाच असेल तर गल्लीतलं पिल्लू घ्या, लस टोचा, नसबंदी करा. अजिंक्यतारा यांनी कास रस्त्याचं लिहिलंय, तिथूनच एखादं आणा.

हळदबाजार

सगळं वाचलं. माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. दाखवू का? घाबरणार नाही ना?

विश्रामबागकर

ताई, दाखवा, पण शेजारी बसून. सुरुवातीचा भूकंप आणि म्युझियममधल्या पेंढा भरलेल्या प्राण्यांची खोली, या दोन ठिकाणी लहान मुलं बिचकतात. आमच्याकडे एक चिमुरडी भूकंपाला रडली. तिला मांडीवर घेतलं आणि अस्वल बोटीतून सुखरूप उतरतं ते आधीच सांगून टाकलं, मग ती शेवटपर्यंत बसली. गोष्ट आधी कळली म्हणून लहान मुलांची मजा जात नाही. अस्वल टोपीत मुरंबा लावलेला ब्रेड जपून ठेवतं, म्हणून मुरंब्याचा ब्रेड मात्र आधी करून ठेवा, लगेच मागणी येते. आमच्याकडे मुरंबा नव्हता तर मुलांनी टोप्यांत भडंग भरून खाल्लं.

वनवाटा काका, दोरीची गोष्ट मी पुढच्या वेळी मुलांना नक्की सांगणार.

अजिंक्यतारा

माझा आक्षेप मी मागे घेत नाही. गोड बोलणाऱ्यालाच घर मिळतं, हा धोका या प्रकारच्या चित्रपटात आहेच. पण बाईंच्या वर्गात जे घडलं ते चित्रपट पाहिल्यावर घडलं, सांगून घडलं नव्हतं. त्यातला म्हातारा दुकानदार ग्रुबर म्हणतो ना, की लहानपणी तो आगगाडीनं लंडनला आला तेव्हा शरीर लगेच पोचलं, मन पोचायला वेळ लागला. तो वेळ मुलांना द्यायचा कसा, हे चित्रपटानं दाखवलं तर मला चालेल.

बाई, तुमच्या शाळेत प्रोजेक्टर आहे का? की मोबाइलवरच दाखवलात?

शाळेतली बाई

एका शिक्षकांच्या लॅपटॉपवर दाखवला, सर. मागच्या मुलांना नीट दिसलं नाही. आवाजही पुरला नाही.

विश्रामबागकर

बाई, आमच्या अपार्टमेंटचा प्रोजेक्टर आणि दोन स्पीकर आहेत. सोसायटीच्या बैठकीत विचारतो, कुणी नाही म्हणणार नाही. हंगाम सुरू होऊन टोळ्या आल्या की कळवा, शनिवारी सकाळची शाळा असते तेव्हा मी स्वतः घेऊन येतो. मराठीत सांगायला दोघं लागतात, कृष्णाकाठ ताई, तुम्ही येणार का?

कृष्णाकाठ

येते. भाच्यांनाही आणते. टबाचं दृश्य मात्र तुम्ही सांगा, मी पुढचं घेते.

माणदेशी

आमच्याकडनंबी टोळ्या जात्यात, दादा. आमच्या वाडीतली पोरं तुमच्याकडं येत असतील. शाळंतनं कार्ड घेऊनच गाडीत बसा, असं मी म्होरल्या आठवड्यात मुकादमास्नी सांगून ठिवतो.